बोट ठेवलं का?

त्याला फक्त बसून राहायचं होतं. बायकोने नवऱ्याकडे याहून कमी काही मागितलं असेल, असं वाटत नाही. सकाळी स्ट्रेचरवर आडवी झाल्यावर तिने त्याचं मनगट धरलं आणि सांगितलं, "मी आत असेपर्यंत या बाकावर बस. बाहेर आणतील तेव्हा डोळे उघडल्याबरोबर मला तू दिसायला हवास. ताई नको, सिस्टर नको. तू."

"बसतो की. त्यात काय?" तो म्हणाला.

त्यात काय, ते त्याला ओळखणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. अख्खं हॉस्पिटल त्याला भिंगरी म्हणायचं. पायाला भिंगरी लावलेली माणसं आपण पुष्कळ बघतो, हा गडी पायापासून डोक्यापर्यंत भिंगरीच होता. जेवताना मधेच उठून नळ बंद आहे का बघायचा. लग्नात अक्षता पडायच्या आधी मांडवाच्या वायरी तपासून यायचा. बायकोने एकदा वैतागून म्हटलं होतं, की तुझा फोटो काढायचा तर तुला आधी खांबाला बांधावं लागेल.

तो याच हॉस्पिटलात नोकरीला होता, तळघरात. वर काढलेले सगळे एक्सरे आणि स्कॅन तळघरातल्या कपाटाएवढ्या स्टोरेजमध्ये साठायचे. डॉक्टरांनी मागितले, की ते शेजारच्या सर्व्हरमध्ये यायचे आणि तिथून वर त्यांच्या पडद्यावर. स्टोरेज आणि सर्व्हर यांना जोडणाऱ्या फायबरच्या दोन तारा होत्या. आत केसासारखी काच आणि काचेतून धावणारा प्रकाश. दोन अशासाठी, की एक गेली तर दुसरी आहे. या तारांची उस्तवार करणं हे भिंगरीचं काम. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली, की हवी ती तार बंद व्हायची, हवी ती चालू व्हायची. उठायला नको, पान्हा नको. बसल्या जागी करायचं काम नशिबाने कुणाला दिलं, तर याला!

पण एकाच ओळीत सगळं होतं म्हणजे एकाच ओळीत सगळं बिघडतंही. फार पूर्वी कुणीतरी एका अक्षराची चूक करून भलतीच तार बंद केली होती आणि हॉस्पिटल निम्मा दिवस आंधळं झालं होतं. तेव्हापासून भिंगरीने तळघरात एक रीत पाडली. तार बंद करायची तर माणसं दोन हवीत. एकाने पडद्यावर हुकूम लिहायचा, पण एन्टर दाबायचं नाही. आधी दुसरा हुकूम देऊन त्या तारेच्या पोर्टचा, म्हणजे तार जिथे खोचतात त्या खाचेचा, बारीकसा दिवा लुकलुकवायचा. दुसऱ्या माणसाने सर्व्हरच्या मागे जाऊन लुकलुकणाऱ्या दिव्याशी बोट ठेवायचं आणि पोर्टवरच्या लांबलचक नंबराची शेवटची चार अक्षरं मोठ्याने वाचायची. ती पडद्याशी जुळली, की पडद्यापुढच्याने विचारायचं, "बोट ठेवलं का?" मागच्याने म्हणायचं, "ठेवलं." मग पहिला म्हणायचा, "हलवू नका." आणि मगच एन्टर.

ही तिन्ही वाक्यं तो सुट्टीच्या दिवशीही फोनवरून इतक्या वेळा बोलायचा, की बायकोने ती उचलली. घराबाहेर पडताना ती जिन्यावरून विचारायची, "बोट ठेवलं का?" तो कुलपावर बोट टेकवून गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "ठेवलं." "मग हलवू नका," असं म्हणून ती खाली निघून जायची आणि तो वेंधळ्यासारखा कुलपाला बोट लावून उभा राहायचा. एरवी त्याला अरेतुरे करणारी ती, पण हे वाक्य मात्र थाटात 'नका' लावूनच म्हणायची.

आजही सकाळी सर्जनबाईंनी येऊन तिला नाव विचारलं, कुठल्या बाजूचं ऑपरेशन ते तिच्याच तोंडून वदवून घेतलं आणि डाव्या कुशीवर पेनाने बाण काढला. तिची डावी किडनी काढायची होती. गाठ होती तिच्यात. उजवी ठणठणीत होती आणि एका किडनीवर माणूस आरामात आयुष्य काढतो, असं सगळेच सांगत होते.

"हे बघ, या तुमच्यातल्याच निघाल्या," बाणाकडे बघत बायको हसली. "आणि मीही तुझ्या तारांसारखीच. एक गेली तर दुसरी आहे."

त्याला हसू आलं नाही. दुसरी तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा नेमकी बिघडलेलीच बंद करतात, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं. तिला आत नेलं आणि दार लागलं.

बाकावर त्याच्या शेजारी बायकोची थोरली बहीण होती. ती शाळेत मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली होती, पण निवृत्ती फक्त शाळेने घेतली होती.

"बसा, भाऊजी."

"बसलोय की."

"तुम्ही उभे आहात."

तो बसला. मग पाणी प्यायला उठला. खिडकीपर्यंत जाऊन आला. भिंतीवरच्या फळ्याचा एक स्क्रू ढिला दिसला, तो त्याने खिशातल्या किल्लीने आवळला आणि मग बाकीचेही तपासले. ताई विणकाम करत होत्या, पण एक डोळा त्याच्यावर होता. "तिने तुमच्याकडे काय मागितलंय ते माझ्यासमोर मागितलंय," त्या म्हणाल्या. "एक दिवस. एक दिवस बूड टेका."

त्याला खरंच बसायचं होतं. हे कुणाला पटणार नाही, पण त्या माणसाचं बायकोवर विलक्षण प्रेम होतं आणि तिने मागितलेली एवढीशी गोष्ट आपल्याला जमत नाही, याची त्याला मनापासून लाज वाटत होती. त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

तेवढ्यात दार उघडून सिस्टर बाहेर आली आणि भिंतीवरचा फोन उचलून घाईघाईने बोलायला लागली. "तळघर? अहो, ऑपरेशनमधून बोलतेय. पेशंटचा स्कॅन उघडत नाहीये. अर्धा येतो आणि अडकतो. मघाशी उघडला होता, आता पुन्हा बघायचाय तर नुसतं चक्र फिरतंय. डॉक्टर थांबल्यात. रक्तवाहिन्या कुठून फुटतात ते बघितल्याशिवाय पुढे जाणार नाहीत." आणि फोन ठेवून ती आत पळाली.

भिंगरी उभा होता. कधी उठला ते त्यालाही कळलं नाही.

"कुठे?" ताईंच्या सुया थांबल्या.

"आलोच."

त्याच्या या 'आलोच'वर घरच्यांनी किती जेवणं गार केली होती, त्याची मोजदाद नाही. ताई काहीतरी म्हणाल्या, पण तोवर तो जिन्यावर होता.

तळघरात मॅडम एकट्या होत्या. मॅडम म्हणजे त्याच्या वरिष्ठ. वयाने त्याच्याहून लहान, आवाज हळू आणि शब्द मोजके. वर्षभरापूर्वी आल्या होत्या आणि आल्या आल्या भिंगरीची बोटाची रीत त्यांनी त्याच्याकडूनच शिकून घेतली होती. तिसरा सहकारी गावाला गेला होता.

"तुम्ही इथे कसे?" त्या म्हणाल्या.

"काय दिसतंय?"

"दोन्ही तारा चालू दिसतायत. हिरव्या."

तो खुर्चीकडे वळला तशी त्यांनी हात आडवा केला. "आत तुमचं माणूस आहे. आज कीबोर्डला हात लावायचा नाही. सांगा, मी लिहिते."

वाद घालायला वेळ नव्हता. तो त्यांच्या खांद्यामागे उभा राहिला, म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला. "दोन्ही हिरव्या आणि फोटो अडकतोय, म्हणजे एक तार मधूनमधून पडतेय. पडते, उठते, पुन्हा पडते. आपण बघतो तेव्हा नेमकी उठलेली असते."

तार मेलेली परवडते, आजारी परवडत नाही. मेली, की सर्व्हर तिचा नाद सोडतो आणि सगळं काम दुसरीवर टाकतो. आजारी तार मात्र दर थोड्या वेळाने 'मी बरी आहे' म्हणून उठते, सर्व्हर भाबडेपणाने निम्मं काम तिच्याकडे देतो, ती पुन्हा कोसळते आणि सर्व्हर वाट बघत बसतो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. यावर उपाय एकच. हुकूम देऊन ती तार बंदच करून टाकायची, म्हणजे तिला उठायची मुभाच नाही.

"चुकांचे आकडे काढा," तो म्हणाला.

मॅडमनी एक ओळ लिहिली. पडद्यावर दोन्ही पोर्टची माहिती आली: लांब नंबर, वेग आणि तार किती वेळा तुटली त्याचा आकडा. पहिल्या पोर्टसमोरचा आकडा भलाथोरला होता. दुसऱ्यासमोर किरकोळ.

"पहिली!" तो जवळजवळ ओरडलाच. "बघा, सरळ दिसतंय. बंद करा."

मॅडमनी पहिल्या पोर्टचा नंबर घालून बंदचा हुकूम लिहिला. अक्षरं पुन्हा वाचली. मग एन्टरवरून हात उचलून मांडीवर ठेवला. "मागे जा. बोट ठेवा."

"मॅडम, आत्ता?"

"आत्ता."

"अहो, तिचं पोट उघडं आहे! डॉक्टर हात थांबवून उभ्या आहेत. आकडा समोर दिसतोय, लहान मूल सांगेल कुठली ते!"

"नियम तुमचाच आहे."

"माझा आहे, म्हणून मीच मोडतो! दाबा!"

"नाही दाबणार."

मग त्याने बोलू नये ते बोलला. "तुमचं माणूस आत असतं म्हणजे कळलं असतं तुम्हाला."

मॅडमचा चेहरा पडला. पण आवाज तसाच हळू राहिला. "माझं असतं, तर तुम्ही मला मागे पाठवलं असतंत. जा. इथे बोलण्यात जेवढा वेळ गेला, तेवढ्यात झालं असतं."

तो पाय आपटत सर्व्हरच्या मागे गेला. तिथे पंख्यांची घरघर आणि तोंडावर येणारी गरम हवा. मनातल्या मनात त्याने मॅडमना, स्वतःच्या नियमाला आणि नियम करणाऱ्या स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. एकाखाली एक दोन पोर्ट होते, प्रत्येकाला दोन दिवे: तार चालू असल्याचा हिरवा आणि ओळख पटवायचा नारिंगी. वरच्याचा नारिंगी दिवा लुकलुकायला लागला. त्याने त्याच्याशी बोट टेकवलं, दुसऱ्या हाताने मोबाइलचा उजेड पाडला आणि नंबर वाचला. "सी, चार, नऊ, एक."

"जुळलं," पलीकडून आवाज आला. "बोट ठेवलं का?"

तो 'ठेवलं' म्हणणार एवढ्यात, बोटाच्या बरोबर खाली, दुसऱ्या पोर्टचा हिरवा दिवा विझला.

लागला. पुन्हा विझला. लागला.

आणि ज्याच्यावर त्याचं बोट होतं त्या पोर्टचा हिरवा दिवा, शेजारच्या नारिंगी लुकलुकीला न जुमानता, शांतपणे तेवत होता.

"बोट ठेवलं का?" मॅडमनी पुन्हा विचारलं.

वरची तार काही महिन्यांपूर्वी खरंच आजारी होती. त्यानेच ती बदलली होती. बदलल्यावर चुकांचा आकडा शून्यावर आणायचा असतो, हेही इतरांना त्यानेच शिकवलेलं. पण त्या संध्याकाळी बायकोच्या पोटाचा पहिला रिपोर्ट यायचा होता आणि तो 'हे उद्या करू' म्हणून धावत सुटला होता. तो उद्या कधी आलाच नाही. पडद्यावरचा भलाथोरला आकडा जुन्या दुखण्याचा होता, केव्हाच बऱ्या झालेल्या तारेचा. आजचं दुखणं खालच्या तारेला होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आणि औषध तरी कसलं? चांगली तार बंद केली असती, तर आजारी तेवढी उरली असती आणि वरचा पडदा काळा झाला असता. तिचं पोट उघडं असताना.

"थांबा!" तो ओरडला. "हात काढा! ही नाही!"

"हात काढलेलाच आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी आकड्यांची ओळ पुन्हा चालवली. "खरंय. पहिला आकडा जिथल्या तिथे आहे. दुसरा वाढलाय."

सगळं पहिल्यापासून. दुसऱ्या पोर्टचा नंबर, बंदचा हुकूम, लुकलुक. आता खालचा नारिंगी दिवा लुकलुकला. त्याने बोट टेकवलं. अक्षरं वाचताना एकदा अडखळला, मॅडमनी पुन्हा वाचायला लावली, त्याने निमूटपणे वाचली.

"बोट ठेवलं का?"

"ठेवलं."

"हलवू नका."

"बोट नाही हलत मॅडम," तो म्हणाला, "मी हलतोय."

एन्टरचा आवाज पंख्यांच्या घरघरीतही ऐकू आला. खालचा हिरवा दिवा विझला आणि विझलेलाच राहिला.

थोड्या वेळाने फोन वाजला. मॅडमनी ऐकलं, "बरं, बरं" म्हणाल्या आणि सर्व्हरच्या मागे येऊन सांगितलं, "उघडला. सगळा उघडला. पुढे सुरू केलंय त्यांनी. तुम्ही वर जा आता."

तो हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा भिंगरी थांबली होती आणि थांबली तीही नको तिथे. तो वरच्या दिव्याकडे बघत होता. "एकच उरलीय," तो म्हणाला.

"चांगली आहे ती."

"चांगली आहे हो. पण एकच आहे. हिला काही झालं तर?"

हे तो तारेबद्दल बोलत होता का बायकोबद्दल, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. आपण इथून नजर काढली आणि दिवा विझला, तर ती गेली, असं काहीतरी वेडं त्याच्या डोक्यात बसलं होतं. वर बाक रिकामा आहे, हे आठवत होतं. पाय निघत नव्हते. त्याने एकदा दारापर्यंत जाऊन पाहिलं आणि परत आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. असं करता करता तास-दीड तास उलटला, मॅडम बघत राहिल्या. त्यांनी मघाचं बोलणं काढलं नाही. त्याला मात्र ते आतून कुरतडत होतं.

"मघाशी मी जे बोललो..." त्याने सुरुवात केली.

"ते राहू द्या." मॅडमनी आपली खुर्ची ओढत सर्व्हरच्या मागे आणली, त्या गरम हवेत बसल्या आणि वरच्या हिरव्या दिव्याशी आपलं बोट टेकवलं. "हे बघा. ठेवलंय. तुमच्या मिसेस बाहेर येईपर्यंत मी हलवत नाही. जा."

आता गेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तो जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढला. वरच्या वळणावर सर्जनबाई भेटल्या, टोपी काढून घाम पुसत होत्या.

"छान झालं. डावीच काढली, गाठीसकट, अख्खी. उजवी उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "मधे मेला तो फोटो अडकला होता. तुम्ही इथेच असता ना? जरा सांगा त्या तळघरवाल्यांना, लक्ष कुठे असतं त्यांचं!"

"सांगतो," तो म्हणाला. त्याला एकदम रडू फुटेल असं वाटलं, म्हणून तो पुढे पळाला.

बाकावर ताई होत्या, विणकाम पिशवीत गेलं होतं. त्यांनी त्याच्याकडे वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "आत्ताच नेलं तिला पलीकडच्या खोलीत. डोळे उघडले होते तिने. या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं. मी म्हटलं, मी आहे गं. तर डोळे मिटून घेतले."

तळघरात काय झालं ते सांगितलं असतं, तर ताईंनी कदाचित ऐकूनही घेतलं असतं. पण ती डोळे उघडून बघत होती तेव्हा तो एका हिरव्या दिव्याकडे टक लावून उभा होता. दार आणि सर्व्हर यांच्यामध्ये येरझाऱ्या घालण्यात गेलेला तो वेळ, तो कुठल्याही फोटोसाठी नव्हता. तो त्याच्या भित्र्या पायांचा होता. त्याला स्वतःचा संताप आला.

सिस्टरने थोडाच वेळ, म्हणून आत सोडलं. बायको डोळे मिटून पडली होती, ओठ कोरडे, नाकाला नळी. पलंगाशी स्टूल होतं. तो त्यावर बसला.

"कुठे होतास?" तिने डोळे न उघडता विचारलं. आवाज दुरून आल्यासारखा.

"तळघरात."

रागावली असती तर बरं, असं त्याला वाटलं. मशीनचा टिकटिक आवाज येत होता आणि त्या मशीनची वायर कुठे जाते ते बघायला त्याची मान आपोआप वळत होती. त्याने ती वळू दिली नाही.

"डावीच काढली ना?" तिने विचारलं.

"डावीच. डॉक्टर भेटल्या मला."

"तू बघितलंस?"

त्याने चादरीवरून, पट्टीच्या जरा बाजूला, अगदी हलकं बोट टेकवलं. मग ते तिथून उचलून पलीकडे, उजव्या कुशीवर नेलं. जी राहिली होती तिच्यावर. चादरीखाली तिचा श्वास वर-खाली होत होता.

तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला.

"बोट ठेवलं का?"

"ठेवलं."

खिशात फोन थरथरायला लागला. कुणाचा, काय बिघडलं, कुठल्या मजल्यावर, काहीच माहीत नव्हतं. दाराच्या काचेतून ताई बघत होत्या, आता हा उठणार, म्हणून. त्याच्या दोन्ही पायांत मुंग्या धावल्या, टाचा जमिनीवरून उचलल्याही.

"मग हलवू नका," ती म्हणाली आणि तिला झोप लागली.

फोन वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजायला लागला. त्याने टाचा जमिनीला टेकवल्या आणि बोट होतं तिथेच ठेवलं.